हिमाचा कच्चा थर

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग हिंगणघाट ओलांडून दक्षिणेला आला की वडनेर लागते. वर्धा जिल्ह्यातले हे गाव काळ्या जमिनीचे, कपाशी आणि तुरीचे. उतार म्हणावा असा उतार इथे नजरेला पडत नाही. आकाशातून गोठलेले काही पडलेच तर त्या गारा, आणि त्या पडल्या की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. हिम इथे कोणी पाहिलेले नाही.

गेल्या हिवाळ्यात या परिसरातल्या काही शिक्षकांशी आणि विद्यार्थ्यांशी गप्पा मारायला आम्ही गेलो होतो. विषय हवामानाचा होता. शेवटी प्रश्नांची वेळ आली तेव्हा अकरावीतली एक मुलगी उभी राहिली. तिच्या नात्यातला एक जण सैन्यात आहे आणि त्याची नेमणूक काश्मीरमध्ये आहे. तिने विचारले, ‘‘हिम कापसासारखे हलके असते असे आम्ही वाचले आहे. मग त्याच्याखाली माणूस मरतो कसा? थंडीने मरत असेल, तर इतक्या लवकर कसा?’’

आम्ही काहीतरी उत्तर दिले. पण ते अपुरे होते, हे परतीच्या बसमध्ये आमच्या लक्षात आले. तिचे दोन्ही प्रश्न नेमके होते आणि त्यांची उत्तरे शोधता शोधता शास्त्रज्ञांची शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या शोधाची हकीकत इथे सांगतो. वडनेरला ती परकी वाटू नये असे एक कारणही आहे. गावाजवळून जाणारा हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ७ होता. आता तो ४४ क्रमांकाच्या महामार्गाचा भाग आहे आणि हा महामार्ग श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जातो. याच रस्त्याने उत्तरेकडे जात राहिले, तर आपण हिमस्खलनाच्या मुलखात पोचतो.

कापूस आणि गाठ

आधी हलकेपणाचा प्रश्न. नुकतेच पडलेले कोरडे हिम खरोखरच हलके असते. एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलो भरते. तेवढ्याच ताज्या हिमाचे ५० ते १०० किलो. बाकी सारी हवा. पण कपाशीच्या प्रदेशातल्या मुलांना हे वेगळे समजावायला नको. वेचलेला कापूस बैलगाडीत मावत नाही, आणि तोच जिनिंग-प्रेसिंगमध्ये दाबला की १७० किलोची घट्ट गाठ होते. त्या गाठीत बोट शिरत नाही. उतारावरून घसरणाऱ्या हिमाचे असेच होते. वाटेत त्याचे स्फटिक मोडतात, एकमेकांवर घासतात, बारीक होऊन गच्च बसतात. थांबल्यावर त्याची घनता दर घनमीटरला ३०० ते ५०० किलो होते आणि थोड्याच वेळात ते घट्ट होते. त्यात अडकलेल्या माणसाला बहुधा हाताचे बोटही हलवता येत नाही.

एक छोटे गणित मुलांकडून करवून घेता येईल. उतारावर अर्धा मीटर जाडीचा, ५० मीटर लांब व ५० मीटर रुंद असा हिमाचा थर आहे आणि त्याची घनता दर घनमीटरला २०० किलो आहे असे समजा. आकारमान १,२५० घनमीटर, म्हणजे वजन अडीच लाख किलो. कापसाच्या सुमारे १,४७० गाठी. हा काही फार मोठा थर नव्हे. स्की करणाऱ्यांचे प्राण घेणारे बरेचसे थर या मापाच्या आसपासचेच असतात.

उताराखालचे गाव

हिमस्खलनाशी माणसाची ओळख जुनी आहे. आल्प्स पर्वतातील गावांनी पिढ्यान् पिढ्या एक साधा नियम पाळला: हिम जिथून नेहमी खाली येते तिथे घर बांधायचे नाही, आणि गावावरच्या उतारातले जंगल तोडायचे नाही. स्वित्झर्लंडमधील आंडरमाट या गावात असे जंगल तोडण्यास बंदी करणारा लेख १३९७ सालचा आहे. झाडांच्या खोडांमुळे हिम उतारावर धरून राहते, हे त्या लोकांना अनुभवाने कळले होते.

या अनुभवाला अभ्यासाचे रूप दिले ते योहान कोआझ या स्विस वनाधिकाऱ्याने. १८८१ साली त्याने स्विस आल्प्समधील हिमस्खलनांवर ग्रंथ लिहिला. कोणत्या उतारावरून हिम येते, कुठवर पोचते, किती नुकसान करते, याच्या नोंदी त्याने जमवल्या. पण लक्षात घ्या, कोआझचा आणि गावकऱ्यांचा प्रश्न एकच होता: हिम कुठे येते? त्याचे उत्तर ठाऊक असले की ती जागा टाळता येत असे. भर हिवाळ्यात त्या उतारावर जाण्याचे कोणाला कारणच नव्हते.

स्की आली आणि प्रश्न बदलला

हे कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निर्माण झाले. पायांना लांब पट्ट्या बांधून हिमावरून घसरत जाण्याची विद्या, म्हणजे स्की, नॉर्वेतून आल्प्समध्ये आली. ऑस्ट्रियातील माथियास झ्दार्स्की या शिक्षकाने डोंगरउतारावर स्की कशी चालवावी याची पद्धत बसवली. जर्मन भूवैज्ञानिक विल्हेल्म पाउल्के आणि त्याच्या सोबत्यांनी १८९७ च्या जानेवारीत बर्नीज ओबरलांडच्या हिमनद्या स्कीवरून ओलांडल्या. जिथे हिवाळ्यात कोणी फिरकत नसे, तिथे आता माणसे हौसेने जाऊ लागली.

आता जुना नियम अपुरा पडला. स्की करणारा हिम येण्याच्या वाटेत राहत नाही; ते जिथून सुटते त्या जागीच तो जातो. त्याच्यापुढचा प्रश्न असा: हा उतार, आज, या घटकेला, माझे वजन पेलेल का? या प्रश्नाचे उत्तर गावाच्या आठवणीत नव्हते. त्यासाठी हिमाच्या आत काय आहे ते पाहणे भाग होते.

दुर्दैवाने या अभ्यासाला मोठा धक्का दिला तो पहिल्या महायुद्धाने. ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या फौजा आल्प्समध्ये समोरासमोर होत्या. १३ डिसेंबर १९१६ रोजी मार्मोलाडा शिखराखाली ऑस्ट्रियन सैनिकांच्या बराकींवर हिम कोसळले आणि अडीचशेहून अधिक सैनिक गेले. त्याच वर्षी सैन्याचा सल्लागार म्हणून काम करणारा झ्दार्स्की स्वतः हिमस्खलनात सापडला. तो वाचला, पण त्याच्या शरीरात ऐंशीच्या आसपास ठिकाणी हाडे मोडली होती. डोंगरात तैनात असलेल्या सैनिकाला जागा निवडता येत नाही. ही गोष्ट पुढे आपल्याकडच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

युद्धानंतर पाउल्केने हिमात खड्डे खणून थर पाहायला सुरुवात केली. आपल्याकडे विहीर खणताना काळी माती, मग मुरूम, मग खडक असे थर दिसतात, तसेच हिमातही दिसतात. फरक एवढाच की हे थर एका हिवाळ्यात तयार होतात. प्रत्येक हिमपाताचा एक थर. पाउल्केला तळाशी अनेकदा एक विचित्र थर आढळला. त्याचे कण मोठे, टोकदार आणि सुटे होते. हातात घेतले की साखरेसारखे बोटांतून गळून जात. वरचे घट्ट हिम याच थरावरून घसरते, हे त्याने दाखवून दिले.

साखरेसारखा थर

हा थर बनतो कसा, याचे उत्तर दावोसजवळच्या वाइसफ्लूयोखवर मिळाले. तिथे १९३६ साली काही संशोधक एका साध्या झोपडीवजा प्रयोगशाळेत काम करू लागले. त्यांत हेन्री बाडर हा स्फटिकांचा अभ्यासक होता आणि रॉबर्ट हाएफेली हा मातीच्या बळाचा अभ्यास करणारा अभियंता होता. हिम आणि त्याचे रूपांतर या विषयावरचा त्यांचा ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला. १९४२ साली या कामातूनच स्विस हिमसंशोधन संस्था उभी राहिली. ती आजही दावोसला आहे.

त्यांचे उत्तर थोडक्यात असे. जमिनीलगतच्या हिमाचे तापमान शून्य अंशाच्या आसपास असते, कारण वरचे हिम पांघरुणासारखे काम करते. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री उणे पंधरा-वीस अंशांपर्यंत थंड होतो. हिमाची जाडी कमी असेल तर हा फरक थोड्या अंतरात पडतो. दर मीटरला दहा अंशांहून अधिक फरक असला, की खालच्या उबदार कणांवरून पाण्याची वाफ निघते आणि वरच्या थंड कणांवर जाऊन गोठते. कणांना एकमेकांशी जोडणारे दुवे झिजतात आणि नवे टोकदार, सुटे कण वाढतात. काही दिवसांत घट्ट थराची साखर होते.

असाच एक कच्चा थर पृष्ठभागावरही बनतो. विदर्भात थंडीच्या दिवसांत पहाटे गवतावर दहिवर पडते. थंड प्रदेशात त्याच्या जागी हिमाचे पातळ, पिसांसारखे स्फटिक वाढतात. सकाळच्या उन्हात ते चमकतात आणि फार सुंदर दिसतात. त्यांच्यावर पुढचे हिम पडले की तो थर आत गाडला जातो आणि आठवडेच्या आठवडे कच्चाच राहू शकतो.

यातली एक गोष्ट वर्गात मुद्दाम सांगावी अशी आहे. लोकांना वाटते की धोका वादळात तयार होतो. प्रत्यक्षात कच्चा थर बनतो तो शांत, निरभ्र, वारा नसलेल्या रात्री. वादळ फक्त त्याच्यावर ओझे टाकते.

ओझे दोन प्रकारे येते: हिमपाताने आणि वाऱ्याने. वारा एका बाजूचे हिम उचलून कड्याच्या आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो. वाटेत स्फटिक मोडून बारीक होतात आणि तिथे घट्ट, सलग थर बसतो. त्याला आपण लादी म्हणू. लादी, तिच्याखाली कच्चा थर आणि त्याखाली टणक पृष्ठभाग अशी रचना झाली, की फक्त एका धक्क्याची गरज उरते. स्की करणाऱ्याच्या वजनाने कच्चा थर एका ठिकाणी खचतो. वरची लादी सलग असल्याने ती खच थराथरांतून वेगाने बाजूला पसरते, वर उतारावर आडवी भेग पडते आणि सारी लादी एकदम सुटते. त्या वेळी तो माणूस लादीच्या कडेला नसतो, मधोमध असतो. कोरड्या हिमाची लादी काही सेकंदांत मोटारीचा वेग गाठते. तिच्यापुढे पळून जाणे जवळजवळ अशक्य.

आता उताराचा कोन. हे बहुतेक सारे ३० ते ४५ अंशांच्या उतारावर घडते. ३० अंशांवर वजनाचा बरोबर निम्मा भाग उताराच्या दिशेने ओढत असतो आणि ४५ अंशांवर सुमारे ७१ टक्के. दहावीच्या मुलांना हे त्रिकोणमितीच्या कोष्टकातून काढता येईल. ३० अंशांहून सौम्य उतारावर ओढ पुरत नाही. फार उभ्या उतारावर हिम साठतच नाही. पडता पडता घसरून जाते. मधला पट्टा धोक्याचा, आणि स्की करायला सर्वांत मजा येते तोही नेमका तोच.

वर्गात करून पाहा

यासाठी हिम लागत नाही. एक लाकडी फळी घ्या. तिच्यावर गोणपाट ताणून बसवा. त्यावर कणकेचा पातळ थर चाळून हाताने दाबा. ही झाली टणक पृष्ठभूमी. त्यावर साखरेचा एक थर पसरा. साखरेवर पुन्हा दोन-तीन सेंटिमीटर कणीक चाळा आणि वहीच्या पुठ्ठ्याने हलकेच दाबून सलग करा. आता फळीचे एक टोक सावकाश उचला. कोनमापकाच्या मध्याला दोरा बांधून खाली खडा लटकवला, की उताराचा कोन मोजता येतो. पर्वतात जाणारे लोकही याच तत्त्वाचे साधन वापरतात. भेग कुठे पडते, लादी अखंड सुटते की तुकड्यांनी, ते पाहा. मग हाच प्रयोग साखरेशिवाय करा. पुढे, साखर असलेली फळी घसरण्याच्या जरा आधीच्या कोनावर धरून वरून बोटाने टिचकी मारा. कोन दर वेळी थोडा वेगळा येईल. ते सारे आकडे फळ्यावर लिहा. एकच नेमका आकडा का येत नाही, यावरची चर्चा प्रयोगाइतकीच महत्त्वाची आहे.

श्वासाचा प्रश्न

मुलीचा दुसरा प्रश्न होता मरणाच्या कारणाचा. त्याचे आकड्यांतले स्पष्ट उत्तर १९९४ साली मिळाले. ‘नेचर’ या नियतकालिकात त्या वर्षी स्वित्झर्लंडमधील १९८१ ते १९९१ या काळातल्या, हिमाखाली गाडल्या गेलेल्या ४२२ स्की करणाऱ्यांच्या नोंदींचा अभ्यास आला. पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्यांपैकी ९२ टक्के जिवंत होते. पस्तिसाव्या मिनिटाला हा आकडा ३० टक्क्यांवर आला होता. २०२४ साली स्वित्झर्लंडच्याच अधिक मोठ्या काळातल्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा तर असे दिसले की ही आशेची मुदत दहा मिनिटांचीच आहे.

इतक्या थोड्या वेळात थंडीने कोणी मरत नाही. हिमात पुरलेल्या माणसाचे शरीर थंड व्हायला याहून पुष्कळ वेळ लागतो. काही जण दगडावर वा झाडावर आपटून जातात. बाकीचे जातात ते श्वास कोंडून. इथे एक कोडे आहे. हिमात हवा असते. घट्ट झालेल्या हिमातही असते. मग श्वास का कोंडतो? कारण माणूस आपलीच उच्छ्वासाची हवा पुन्हा आत घेत राहतो आणि तिच्यातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. उच्छ्वासातली वाफ तोंडासमोरच्या हिमावर गोठून बर्फाचा पापुद्रा धरते आणि हवेची ये-जा आणखी थांबते. तोंडासमोर पोकळी असेल तर वेळ वाढतो, तोंडात हिम गेले असेल तर वेळच मिळत नाही.

दहा-पंधरा मिनिटांत बाहेरून मदत येऊ शकत नाही. म्हणून शोध सोबत्यांनीच घ्यायचा, हा धडा इतिहासाने दिला. पूर्वी लोक कमरेला लाल दोरी बांधून ती मागे सोडत; ती हिमावर दिसावी ही अपेक्षा. १९६८ साली अमेरिकेत जॉन लॉटन यांनी अंगावर बाळगायचे रेडिओ यंत्र तयार केले. ते सतत संकेत सोडते, आणि शोधताना तेच संकेत पकडते. पुढे काही वर्षे दोन वेगवेगळ्या वारंवारतांची यंत्रे वापरात होती आणि एका प्रकारच्या यंत्राला दुसऱ्याचे ऐकू येत नसे. अखेर ४५७ किलोहर्ट्झ ही एकच वारंवारता ठरली. आज प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यात असे मानतात: हे यंत्र, जागा टोचून पाहायची घडीची लांब सळई, आणि फावडे. एक जरी कमी असली तरी बाकीच्या दोन फारशा उपयोगी पडत नाहीत.

माणसाचा अभ्यास

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत युटा राज्यातील आल्टा येथे माँटी ॲटवॉटर यांनी स्फोटके वापरून उतारावरचे हिम आधीच पाडण्याची रीत रुळवली. स्कीच्या केंद्रांवर रोज सकाळी हे काम होऊ लागले आणि आखलेले मार्ग बरेच सुरक्षित झाले. पण आखलेल्या मार्गाबाहेर, मोकळ्या डोंगरात जाणाऱ्यांसाठी हे कोणी करत नाही. तिथे त्यांना उपयोगी पडते ते धोक्याचे दैनिक पत्रक. युरोपात १९९३ पासून त्यासाठी पाच पायऱ्यांची एकच मोजपट्टी वापरतात. गंमत अशी की माणसे सर्वाधिक मरतात ती पाचव्या पायरीवर नव्हे. तेव्हा बहुतेक सारे घरीच बसतात. बळी जातात ते मुख्यतः तिसऱ्या पायरीवर, जेव्हा धोका लक्षणीय असतो पण ऊनही छान पडलेले असते.

मोकळ्या डोंगरातल्या जीवघेण्या अपघातांत साधारण दहांपैकी नऊ वेळा लादी सुटते ती त्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने. म्हणजे अपघातापूर्वी कोणीतरी ‘जाऊ या’ असा निर्णय घेतलेला असतो. इयान मॅकॅमन या अमेरिकन अभ्यासकाने २००४ साली अशा ७१५ अपघातांची तपासणी मांडली. अनेक गटांत शिकलेली माणसे होती आणि धोक्याची चिन्हे समोर दिसत होती. तरी ती गेली, कारण उतार ओळखीचा होता. कारण आधी कोणाच्या तरी स्कीच्या खुणा तिथे होत्या. कारण इतरांच्या आधी ताज्या हिमावर उतरायचे होते. कारण गटातल्या जाणत्याला प्रश्न कोण विचारणार! हिमाचा अभ्यास करता करता विज्ञान इथे माणसाच्या मनाशी येऊन पोचले.

ही कारणे आपल्यालाही ओळखीची आहेत. पुलावरून पाणी वाहत असताना ‘आत्ताच एक ट्रक गेला’ म्हणून मोटारसायकल घालणारा माणूस पावसाळ्यात आपल्याकडे दिसतोच.

आपल्याकडे

आता वडनेरहून निघालेला तो रस्ता. काश्मीर खोऱ्यात शिरण्यापूर्वी पीर पंजालची रांग लागते. हिवाळ्यात बनिहालची खिंड हिमाने बंद होई, म्हणून १९५६ साली तिच्याखालून जवाहर बोगदा सुरू झाला. ७ फेब्रुवारी २०१९ रोजी याच बोगद्याच्या तोंडाशी असलेली पोलीस चौकी हिमाखाली गाडली गेली. याच पर्वतरांगेतील वालतेंगू नार या वस्तीवर फेब्रुवारी २००५ मध्ये हिम कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. मार्च १९७९ मध्ये हिमाचलातील लाहौल खोऱ्याने दोनशेहून अधिक माणसे गमावली होती.

भारतात या विषयाच्या अभ्यासासाठी १९६९ साली मनाली येथे हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था स्थापन झाली. २०२० साली ती संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेत विलीन झाली. काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड येथील धोक्याचे अंदाज हीच परंपरा देत आली आहे.

श्रीनगरहून सुमारे ५० किलोमीटरवर गुलमर्ग आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ साली तिथे स्की क्लब काढला. तारेवरच्या पाळण्याचा दुसरा टप्पा २००५ साली सुरू झाला आणि अफरवाटच्या डोंगरावर जवळजवळ ४,००० मीटर उंचीपर्यंत कोणालाही काही मिनिटांत जाता येऊ लागले. तिथली गस्त ठरावीक भागातले हिम पाडते. त्यापलीकडचा डोंगर मोकळा आहे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गला प्रशिक्षण घेणारे १७ सैनिक हिमाखाली गेले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवाटवर पोलंडचे दोन स्की करणारे आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन स्की करणारा मृत्युमुखी पडला.

मराठी घरांपर्यंत ही बातमी येते ती मुख्यतः सैनिकांच्या वाटेने. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनच्या सोनम चौकीवर बर्फाचा प्रचंड भाग कोसळला. तिथल्या दहा सैनिकांत सातारा जिल्ह्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. त्यांच्यापैकी हणमंतप्पा कोप्पड हे एकटे सहा दिवसांनी जिवंत सापडले. पुढे ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचा मृत्यू झाला. हवेची पोकळी मिळाली तर माणूस किती काळ तग धरू शकतो, याचे ते विलक्षण उदाहरण. जानेवारी २०१७ मध्ये गुरेझला झालेल्या हिमस्खलनातील मृतांमध्ये विदर्भातले, अकोला जिल्ह्यातले जवान होते. काळ्या मातीत वाढलेली मुले होती ती.

ज्याला जागा निवडता येत नाही अशा सैनिकाचे आणि गावकऱ्याचे रक्षण दुसऱ्या कोणाच्या निर्णयावर अवलंबून असते: चौकी कुठे बांधायची, रस्ता कधी बंद करायचा, वस्ती कधी हलवायची. हौसेने जाणाऱ्याचा निर्णय त्याच्याच हातात असतो. ज्ञान एकच, वापरणारा वेगळा.

सह्याद्रीतला तोच धडा

दावोसच्या झोपडीतला हाएफेली मातीच्या अभ्यासातून हिमाकडे वळला होता, याचा उल्लेख वर आला आहे. त्याला हिमात दिसले ते मातीतही असते: उतार, वरचे ओझे, आत एक कच्चा थर. सह्याद्रीत हिम नाही, पण बेसॉल्टच्या खडकावर झिजलेल्या मातीचा थर आहे. मुसळधार पावसाचे पाणी तिच्यात मुरले की माती जड होते, आणि कणांमधल्या पाण्याच्या दाबाने तिची खडकावरची पकड सुटते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव असेच गाडले गेले आणि १५१ माणसे गेली. गाव नाहीसे झाल्याचे प्रथम लक्षात आले ते तिथून जाणाऱ्या एस. टी. बसच्या चालकाच्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी यांचेही तेच झाले. माती हिमाहून कितीतरी जड आणि तिच्याखाली वेळ त्याहूनही कमी.

पुन्हा वडनेरकडे

त्या मुलीला आता आम्ही असे सांगू. पडताना हिम कापूस असते, थांबल्यावर गाठ होते. माणूस थंडीने नव्हे, श्वास कोंडून जातो, आणि त्याला वाचवायला हातात पंधरा मिनिटेही नसतात. म्हणून खरी सुरक्षा गाडले जाण्यापूर्वीची. पत्रक वाचावे. नव्या हिमपातानंतर आणि मोठ्या वाऱ्यानंतर निदान एक दिवस थांबावे. जवळच्या उतारांवर नुकतेच स्खलन झालेले दिसले, पायाखाली हिम ‘धप्’ असा आवाज करून बसले किंवा पावलांपासून भेगा धावू लागल्या, तर तो डोंगराचा निरोप समजून परतावे. ३० अंशांहून कमी उतार धरावा. धोक्याचा उतार ओलांडणे भाग पडले तर एकेकाने ओलांडावा आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. आणि गटात सर्वांत नवख्या माणसाला ‘मला हे बरोबर वाटत नाही’ असे म्हणता आले पाहिजे.

हे शेवटचे शिकवायला डोंगर लागत नाही. ज्या वर्गात मुलगी उभी राहून ‘तुमचे पुस्तक असे म्हणते, मग असे कसे?’ असे विचारू शकते, तिथे त्याची सुरुवात झालेली असते. वडनेरला आम्ही ती पाहिली. तिचे उत्तर देणे आमच्याकडे बाकी होते.